पिस्तुलाची किंमत आणि मुठीचं माप

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कवी माणसाचं पिस्तुलाशी काय काम, असं तुम्हाला वाटेल. आमच्या सुलतानपूरच्या बसस्टँडवर ‘पिस्तूल’ हा शब्द जरा मोठ्यानं उच्चारला तर चहा पिणारे दोघं-तिघं मान वळवून बघतात. आमच्याकडं या शब्दाबरोबर कट्टा, खंडणी आणि कोर्टाची तारीख एवढंच डोळ्यांपुढं येतं. मी बोलणार आहे ते खेळाच्या पिस्तुलाबद्दल, आणि त्यातही एकाच प्रश्नाबद्दल. ही पिस्तुलं लाख-दोन लाखांना का मिळतात, आणि तेवढे पैसे त्यांत घालावेत का?

हा प्रश्न घराघरांत आला तो २०२४ साली. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये मनू भाकर हिनं १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात कांस्यपदक घेतलं आणि दोनच दिवसांनी सरबज्योत सिंगच्या साथीनं मिश्र गटात दुसरं. मग अफवा उठली की तिचं पिस्तूल एक कोटी रुपयांचं आहे. त्याच वर्षी एका मुलाखतीत तिला हे विचारलं, तेव्हा तिनं आश्चर्य व्यक्त करून सांगितलं की हा एकदाच करायचा खर्च आहे, साधारण दीड लाखापासून एक लाख पंच्याऐंशी हजारांपर्यंत. पिस्तूल नवं की वापरलेलं, त्यात आपल्या मापाचे बदल करून घेतले की नाही, यावर तो आकडा ठरतो. कोटीवरून गोष्ट दीड लाखावर आली म्हणून शहरातल्या माणसानं सुटकेचा श्वास सोडला असेल. आमच्याकडं मात्र खरी काळजी तिथूनच सुरू झाली. कोटीचं स्वप्न कुणी बघत नाही. दीड लाखाचं बघता येतं, कारण तेवढ्याला विकण्याजोगं काहीतरी प्रत्येकाकडं असतं.

आमच्या भागातला एक शेतकरी बाप याच काळात माझ्याकडं आला. मुलगी नववीत, शहरात मामाकडं शिकायला. तिथल्या नेमबाजीच्या रेंजवर जाऊ लागली आणि बरी चमकली. कुणीतरी बापाच्या कानात घातलं की परदेशी पिस्तूल घेतल्याशिवाय पोरीचं पुढं काही होत नाही. मी बी.ए. झालेला, चार पुस्तकं लिहिलेला, म्हणजे मला सगळंच कळतं अशी त्याची समजूत. त्यानं हिशेब सोयाबीनमध्ये मांडला होता. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. म्हणजे दोन लाखांना जवळजवळ ४१ क्विंटल. आमच्या कोरडवाहू रानात एकरी सात-आठ क्विंटल निघाले तर लोक ते चांगलं पीक म्हणतात. बियाणं, खत, फवारणी, मजुरी काहीच न वजा करता पाच-सहा एकरांचं अख्खं पीक! शिवाय हमीभाव मिळाला तर, ही अट आहेच. “भाऊ, द्यावं का इतकं?” हा त्याचा प्रश्न होता. त्याच्यासाठी म्हणून मी जे वाचलं, जाणत्या नेमबाजांना विचारलं, ते तुमच्यापुढं ठेवतो.

आधी खेळ समजून घेऊ. नेमबाज एका हातानं पिस्तूल धरून उभा राहतो, दुसऱ्या हाताचा आधार घ्यायचा नाही. समोर १० मीटरवर निशाण. त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. ७५ मिनिटांत ६० छर्रे मारायचे. आमच्यापासून जवळच लोणारला आकाशातून एक दगड पडला. त्यानं कसलाही नेम धरला नव्हता आणि जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा करून गेला. इथं नेम धरून बटण गाठायचं, तेही साठ वेळा.

पिस्तुलाच्या मागच्या बाजूला एक चौकोनी खाच असते आणि पुढं नळीच्या टोकाशी एक चौकोनी खुंटी. खाचेच्या बरोबर मधोमध खुंटी दिसली की नेम सरळ. या दोहोंमधलं अंतर साधारण ३४० मिलिमीटर धरा. आता खुंटी खाचेत फक्त एक मिलिमीटर बाजूला सरकली, तर १० मीटरवर छर्रा सुमारे ३० मिलिमीटर बाजूला जाईल. निशाणावरची वर्तुळं एकमेकांपासून ८ मिलिमीटरवर असतात. म्हणजे एक मिलिमीटरच्या चुकीनं दहाचे सात होतात. आणि ही एक मिलिमीटरची चूक हाताची असते, यंत्राची नव्हे. चांगलं पिस्तूल शिकंज्यात घट्ट बसवून पाच छर्रे मारले तर ते जवळजवळ एकाच भोकातून जातात. कारखान्यातून अशी चाचणीची कागदी चकती पिस्तुलासोबत येते. यंत्र आधीच माणसापेक्षा कितीतरी पुढं आहे. मग जास्तीचे पैसे कशाला द्यायचे?

इथं माझं मत आधी सांगून टाकतो: पैसे अचूकपणाला द्यायचे नसतात. ते द्यायचे तर यंत्रानं हाताच्या कामात अडथळा आणू नये म्हणून.

दोन-चार हजारांत मिळणाऱ्या स्प्रिंगच्या पिस्तुलात चाप ओढला की आत स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढं धावतो, आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच अख्खं पिस्तूल हातात उसळतं. तुमचा नेम बरोबर असला तरी शेवटच्या क्षणी यंत्र त्यात लुडबुड करतं. स्पर्धेच्या पिस्तुलात नळीखाली दाबलेल्या हवेची छोटी टाकी असते. ती एका छर्ऱ्यापुरती मोजकी हवा सोडते, दरवेळी तेवढीच. हाताला धक्का जाणवतच नाही म्हटलं तरी चालेल.

मग चाप. नियमानं एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅम ओढीचा असावा लागतो. स्पर्धेआधी परीक्षक पिस्तूल उभं धरून चापाला ५०० ग्रॅमचं वजन लटकावून बघतात, अगदी किराणा दुकानातल्या अर्ध्या किलोच्या मापासारखं. वजन उचललं जाऊन चाप सुटला नाही तर पिस्तूल पास. स्वस्त पिस्तुलाचा चाप कधी खरखरत येतो, कधी अडकून एकदम सुटतो. महागड्याचा चाप पहिल्या टप्प्यात हलका येतो, मग एक भिंत लागते, आणि त्या भिंतीवर किंचित भर दिला की काम झालं. ही भिंत दरवेळी त्याच जागी लागते. कवितेत यमक कुठं येणार हे कानाला आधीच कळतं, तसं बोटाला कळतं. या दोन गोष्टींसाठी, म्हणजे हवा आणि चाप यांच्यासाठी, दिलेला पैसा सत्कारणी लागतो यात मला शंका नाही.

पण सगळ्यांत मोठी गोष्ट तिसरी आहे, आणि ती लोखंडाची नसून लाकडाची आहे. मूठ.

आमच्याकडं निंदणाला जाणाऱ्या बाया आपापलं खुरपं घेऊन जातात. दुसरीचं खुरपं दिलं तर तासाभरात हाताला फोड येतात, असं त्या सांगतात. दर्जी आपली कात्री दुसऱ्याला देत नाही. सुतार वाकसाचा दांडा स्वतःच्या पकडीप्रमाणं तासून घेतो, आणि त्याच्या पोरानं तो वाकस हाती घेतला तर दांडा पुन्हा तासावा लागतो. ‘कस्टम’ या इंग्रजी शब्दाचा आपण फार बाऊ करतो. हाताच्या मापानं हत्यार करून घेणं हे आपल्याकडं तिफणीपासून चालत आलेलं आहे.

पिस्तुलाची मूठ बहुधा अक्रोडाच्या लाकडाची असते. तळहाताखाली एक छोटी फळी, अंगठ्याला टेकू, बोटांना खळगे. माप लहान, मध्यम, मोठं असं येतं, पण बुटाच्या मापासारखंच ते कुणालाच पुरतं बसत नाही. मग नेमबाज कानस घेऊन बसतात. जिथं टोचतं तिथं घासतात, जिथं पोकळी राहते तिथं लाकडाची लांबी भरतात, वाळवतात, पुन्हा घासतात. जगज्जेत्यांच्या मुठी जवळून बघितल्या तर त्या पडक्या घराच्या भिंतीसारख्या ठिगळं लावलेल्या दिसतात. ज्यांना हे करायचं नसतं ते जर्मनीतल्या रिंकसारख्या कारागिराकडं हाताची आकृती कागदावर काढून पाठवतात आणि तिकडून हाताबरहुकूम मूठ येते. स्वित्झर्लंडच्या मोरिनी या नामांकित पिस्तुलांचे कर्ते चेझारे मोरिनी हे तर मुळात मुठी करणारे म्हणूनच पुढं आले. आधी मूठ, मग पिस्तूल, हा क्रम मला फार आवडला.

मूठ एवढी का महत्त्वाची, हे २५ मीटरच्या स्पोर्ट्‌स पिस्तुलात नीट दिसतं. या प्रकारात .२२ ची काडतुसं असतात. त्याच्या वेगवान फेरीत हात खाली ४५ अंशांत ठेवून उभं राहायचं, दिवा हिरवा झाला की तीन सेकंदांत हात वर आणून एकच गोळी मारायची. पुन्हा हात खाली, सात सेकंद थांबायचं, पुन्हा वर. तीन सेकंदांत खाच आणि खुंटी जुळवत बसायला वेळ कुठला? मूठ हातात बरोबर बसली असेल तर हात वर येताना नेम आपोआप जुळूनच वर येतो. नसेल बसली, तर दरवेळी मनगट वळवून दुरुस्ती करावी लागते आणि तेवढ्यात दिवा लाल होतो.

या प्रकारात आपल्या महाराष्ट्राच्या दोन मुलींनी नाव काढलं, याचा मला अभिमान आहे. २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत पुण्यातल्या खडकीच्या अनिसा सय्यद आणि कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी जोडीच्या प्रकारात सुवर्ण घेतलं. अनिसानं वैयक्तिक सुवर्णही घेतलं. चार वर्षांनी ग्लासगोला राही पहिली आणि अनिसा दुसरी. २०१३ मध्ये कोरियातल्या चांगवॉनला राहीनं विश्वचषकाचं सुवर्ण जिंकलं, आणि २०१८ च्या जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज ठरली. अनिसाचं नाव मी आमच्या मोहल्ल्यातल्या मुलींना मुद्दाम सांगतो. ते ऐकून एखादी विचारते, “चाचा, बंदूक किती जड असते?” नियमानं एअर पिस्तूल दीड किलोच्या आतच असावं लागतं, बाई. पाण्याची घागर त्याहून कितीतरी जड असते.

हंगेरीत कारोय तकाच नावाचा एक सैनिक होता. १९३८ मध्ये हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात, नेम धरायचा हात, निकामी झाला. तो डाव्या हातानं शिकला आणि १९४८ व १९५२ अशा दोन ऑलिंपिकांत वेगवान पिस्तूल प्रकारात सुवर्णपदकं घेऊन गेला. उजव्या हाताची मूठ त्याच्या काय कामाची होती? पण डावा हात तयार व्हायला कुठल्याही दुकानातून काही विकत आणता आलं नाही, हेही तितकंच खरं.

आता एवढी किंमत होते कशी? ही पिस्तुलं ऑस्ट्रिया, जर्मनी, स्वित्झर्लंड, इटली अशा देशांतले मोजके कारखाने करतात. गिऱ्हाईक जगभर मिळूनही थोडंच. थोड्या नगांवर सगळा खर्च पडतो, त्यात हाताचं काम, मग आयात. आपल्याकडं ठरावीक गुण गाठून मान्यता मिळवलेल्या नेमबाजाला सीमाशुल्कात सवलत मिळते, म्हणजे आधी खेळून दाखवायचं आणि मग स्वस्तात घ्यायचं, असा उलटा मामला आहे.

अमेरिकेत मात्र ‘कस्टम पिस्तूल’ म्हणजे वेगळीच गोष्ट. जॉन ब्राउनिंग यांनी आराखडलेलं एक पिस्तूल तिथल्या सैन्यानं १९११ मध्ये स्वीकारलं. ते चिखलातही चालावं म्हणून त्याचे भाग जरा सैल बसवलेले असत. पुढं कारागिरांनी तेच भाग हातानं घासून घट्ट बसवायला सुरुवात केली. बिल विल्सन यांनी १९७७ मध्ये आर्कान्सात सुरू केलेली पेढी त्यातली एक नामांकित. असं पिस्तूल काही हजार डॉलरांना जातं, साध्याच्या कितीतरी पट. काही कारागीर २५ यार्डांवर एक इंचात सगळ्या गोळ्या बसतील अशी हमी देतात. काम उत्तम असतं, यात वादच नाही. पण भुईवर पाय ठेवून विचार केला तर सामान्य माणसाचा हात त्या अंतरावर चार-सहा इंच हलतो, आणि घाबरलेल्या माणसाचा तर विचारूच नका. तिथं यंत्राचा एक इंच की तीन इंच, कुणाला कळणार? आणि फार घट्ट बसवलेलं यंत्र धूळ-काजळी साचली की अडतं, अशी तक्रार तिथले जाणतेच करतात. म्हणून त्या पिस्तुलांची किंमत मला दागिन्याच्या किमतीसारखी वाटते. सोन्याच्या तारेची कोफ्तगिरी केलेली जुनी शस्त्रं संग्रहालयांत आहेत, ती मी तास-तासभर बघत उभा राहतो. त्या सोन्यानं नेम सुधारला असं कुणी कधी म्हणालं नाही, आणि करणाऱ्याचाही तसा दावा नव्हता.

महाग म्हणजे बिघडणार नाही, असंही समजू नका. २०२१ मध्ये टोकिओ ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत याच मनू भाकरचं पिस्तूल ऐन स्पर्धेत बंद पडलं. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली. तिचे ५७५ गुण झाले, ती बारावी आली. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. यंत्र जगातल्या उत्तम यंत्रांपैकी होतं. उलट पॅरिसला तुर्कस्तानच्या युसुफ डिकेच यांचं छायाचित्र जगभर फिरलं: डोळ्यांवर नेहमीचा चष्मा, अंगात साधा टीशर्ट, एक हात खिशात, आणि मिश्र गटातलं रौप्यपदक. वय ५१. माझ्या वयाच्या लोकांना ते छायाचित्र जरा जास्तच आवडलं. पण लोकांनी त्यातून ‘साधनांची गरजच नाही’ असा अर्थ काढला, तो बरोबर नाही. त्यांनी डोळ्यांवरची भिंगं आणि झापडं सोडली होती. हातातलं पिस्तूल इतरांसारखंच स्पर्धेचं होतं. खिशातला हात तर बहुतेक सगळेच नेमबाज ठेवतात, तोल सांभाळायला.

आता त्या बापाच्या प्रश्नाकडं. त्याला मी सांगितलं ते असं: यंदा एक रुपयाही पिस्तुलात घालू नका. रेंजवर शिकाऊ मुलांसाठी पिस्तुलं असतात, त्यावर वर्ष काढू दे. पिस्तूल हा एकदाचा खर्च. छर्रे मात्र रोज लागतात. रोज शंभर छर्रे मारले तर ५०० चा डबा पाच दिवसांत रिकामा होतो. ज्याचा सगळा पैसा पिस्तुलात जातो त्याच्याकडं छऱ्यांना उरत नाही, आणि मग दीड लाखाचं यंत्र पेटीत झोपतं. छर्रे नसले तरी होणारा एक सराव आहे आणि तो फुकट आहे. कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून, पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करून, नुसता हात स्थिर धरायचा आणि खुंटी खाचेतून न हलू देता चाप ओढायचा. मोठमोठे नेमबाज हा सराव तासन्‌तास करतात. सुटीत गावी आली की शेणानं सारवलेल्या भिंतीवर चुन्याचा पट्टा ओढून तिला हे करता येईल. हवेनं चालणाऱ्या ४.५ मिलिमीटरच्या साध्या स्पर्धा-पिस्तुलाला परवाना लागत नाही, पण .२२ च्या पिस्तुलाला लागतो, हेही त्याला सांगितलं. पोलीस पाटलाच्या भीतीनं तो अर्धा झाला होता.

तो लगेच मानला नाही. “दुसऱ्यांच्या पोरींकडं आहे ना,” म्हणाला. हे वाक्य शिकवणीच्या फीपासून लग्नाच्या मंडपापर्यंत सगळीकडं कर्ज काढायला लावतं, आणि त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं की पोरीचे गुण वहीत लिहून ठेवा. रेंजच्या पिस्तुलावर ते महिनोन्‌महिने वाढत असतील तर यंत्र अजून आड येत नाही असं समजा. वाढायचे थांबले, आणि प्रशिक्षकही म्हणाले की आता चाप आणि मूठ नडते आहे, तेव्हा आधी मूठ बसवून घ्या, मग पिस्तुलाचं बघा. तेही वापरलेलं. वर चढलेले नेमबाज नवं घेतात आणि जुनं विकतात. ही पिस्तुलं वीस-वीस वर्षं चालतात.

वापरलेलं घेताना तीन गोष्टी बघायच्या. हवेच्या टाकीवर तारीख कोरलेली असते. टाकीची मुदत साधारण दहा वर्षांची, आणि मुदत संपलेली टाकी घेऊन स्पर्धेत उतरायचं नसतं; नवी टाकी वेगळी विकत घ्यावी लागते, म्हणून तो खर्च किमतीतून वजा करून मागायचा. चाप पन्नास वेळा ओढून बघायचा, पन्नासाव्या वेळी भिंत पहिल्याच जागी लागते का ते पाहायचं. आणि मूठ कुठल्या हाताची आहे ते विचारायचं. मोठी मूठ घासून लहान होते, लहान मूठ लांबी भरून मोठी होते. उजव्या हाताची मूठ मात्र कितीही घासली तरी डावखुऱ्या पोरीला बसत नाही, आणि त्याची मुलगी डावखुरी आहे.